ललितचा जोडीदार

१

लूमच्या कारखान्यात कुणी कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोगच नसतो. एका छपराखाली रांगेने मशीनं धडधडत असली की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त तुमच्या श्वासाची वाफ लागते. म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात. बायकोचं भांडण, गावाकडचा पाऊस, मुकादमाच्या आईबहिणीचा उद्धार, सगळं ओठांवर चालतं. काही वर्षांनी कान जातात आणि डोळेच कानांचं काम करू लागतात.

एक गोष्ट मात्र ओठांनी सांगत नाहीत. सकाळी रातपाळी सुटते तेव्हा मशीन थांबवायचं नसतं. त्याच मशीनवरचा दिवसपाळीचा कारीगर, म्हणजे जोडीदार, मागून येतो आणि खांद्यावर दोनदा थाप मारतो. थाप पडली की पहिल्याने हात काढायचे, डावीकडे सरकायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. दुसऱ्याने त्याच जागी उभं राहायचं. थाप पडेपर्यंत मशीन सोडायचं नाही. ताप असो, घरी कुणी मेलेलं असो. हे कुणी शिकवत नाही, पण पहिल्या महिन्यातच ते अंगात शिरतं आणि मग निघत नाही.

कुंदनच्याही अंगात ते शिरलं होतं. नववीत शाळा सुटली तेव्हा त्याच्या मोठ्या भावाने, ललितने, त्याला स्वतःच्या मशीनवर नेऊन काम शिकवलं होतं. कोपऱ्यातलं जुनाट मशीन होतं ते. चालता चालता मध्येच त्याचा एक ठोका दुहेरी पडायचा. ललित त्याला लंगडी म्हणायचा. रात्री जेवताना ताटावर बोटांनी तोच ठेका धरायचा, आणि आई तिच्या अहिराणीत म्हणायची, "आठे बी तुनी लंगडी लयी ऊना का रे?"

ललित गेला कोरोनाच्या आदल्या हिवाळ्यात.

सुरतेत दिंडोलीच्या त्यांच्या खोलीत त्यांची आई, उषाबाई, तेव्हापासून रोज सकाळी मोरीत गरम पाण्याच्या दोन बादल्या ठेवते. एक कुंदनची, एक ललितची. दाराची कडी लावत नाही. शेजारणी आधी समजूत घालायच्या, मग कुजबुजायला लागल्या. कुंदनने एकदाच विषय काढला होता.

"आई, तो गेला ना आता."

"मरी गया तो, हाई माले समजस. मीच त्याना तोंडमा पाणी टाकेल शे," उषाबाई शांतपणे म्हणाली होती. "पन ड्युटी सुटनी नही त्यानी. जोडीदारच ऊना नही, ते सुटी कसा?"

संध्याकाळी गार झालेली दुसरी बादली ती मोरीत ओतून देते. त्या पाण्याचा आवाज कुंदनला नीट ऐकू येत नाही, पण दिसतो. एकदा, फक्त एकदा, ती बादली आपोआप रिकामी झालेली बघायला मिळावी, एवढंच त्याला देवाजवळ मागायचं होतं. आणि ते मागणंही त्याला वेडेपणाचं वाटायचं.

म्हणून रविवारी तो रातपाळीवरून थेट घरी जात नसे. केसांतली रुई झटकून तो जुन्या शहरात जायचा.

२

रविवारी सकाळी शर्वरी नावाची एक मुलगी लोकांना जुन्या सुरतेतून पायी फिरवत असे. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील बँकेत, मूळचे नाशिककडचे. कमरेला छोटा स्पीकर अडकवून ती किल्ला, सराई, जुनी घरं, त्यांच्या खिडक्या, खांब याबद्दल बोलायची. कुंदनला यातलं पुष्कळ कळायचं आणि आवडायचंही. पण तो कधी तोंड उघडत नसे. फक्त अगदी पुढे उभा राहायचा, तिच्या तोंडाकडे टक लावून.

"अरे कुंदन, जरा मागे सरक बाबा, तिला श्वास तरी घेऊ दे," सुधाकरकाका म्हणायचे. हे निवृत्त पोस्टमास्तर, दर रविवारी डोक्यावर तीच टोपी घालून यायचे. सगळे हसायचे. कुंदन कानापर्यंत लाल व्हायचा.

"काका, त्याला ऐकू कमी येतं. तो ओठ वाचतो," शर्वरीने एकदा सांगून टाकलं. तेव्हापासून काका त्याच्याशी बोलताना तोंड एवढं मोठं उघडायचे की दाढा दिसायच्या. माणूस मायाळू होता. बोलता बोलता समोरच्याचा हात धरायचा, पाठीवर हात फिरवायचा.

त्या रविवारी फेरी कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या कबरस्तानातून सुरू झाली. घुमट, कमानी, खांब. मेलेल्यांसाठी बांधलेले बंगलेच ते. दोघा इंग्रज भावांसाठी मिळून बांधलेल्या एका भल्यामोठ्या कबरीपुढे शर्वरी थांबली.

"साडेतीनशे वर्षं झाली," ती म्हणाली. "व्यापारासाठी आलेले. आज त्यांची कंपनी नाही, राज्य नाही, पण नावं अजून आहेत."

कुंदनने मान वर करून त्या घुमटाकडे पाहिलं. कापूस नि कापड विकत घ्यायला आलेल्या माणसांना घुमट. कापड विणता विणता जळून मेलेल्या माणसाचं नाव सुरतेत एका विटेवरसुद्धा नाही.

"आणि आज एक नवीन ठिकाण," शर्वरीचे ओठ म्हणाले. "इथून जवळच. किरीटभाईंची हवेली. दोनशे वर्षांचं घर, नुकतंच दुरुस्त केलंय. ते स्वतः दाखवणार आहेत."

कुंदन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती बोलायची थांबली तरी बघत राहिला.

ललित गेल्यानंतर त्या गल्लीत तो कधीच गेला नव्हता.

तेव्हा ती हवेली नव्हती. खालच्या मजल्यावर किरीटभाईचं लूमचं खातं, म्हणजे छोटासा कारखाना, होतं. आठ मशीनं, रात्री एकच कारीगर. कारीगर चहा-बिडीला बाहेर जातात आणि माल कमी निघतो म्हणून किरीटभाई रात्री बाहेरून कुलूप लावायचा. ललितचा जोडीदार ओडिशाचा होता. तो गावी गेला, आणि बदलीला माणूस ठेवायचं सोडून किरीटभाई म्हणाला, तूच कर दोन्ही पाळ्या, कल कोई आ जायेगा. तो कल आलाच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वायरी पेटल्या. किल्ली किरीटभाईच्या खिशात होती आणि किरीटभाई नदीपलीकडे त्याच्या फ्लॅटमध्ये झोपला होता.

पोलीस चौकीच्या बाहेर त्याने कुंदनच्या तोंडावर सांगितलं होतं, "कौन ललित? मेरा खाता तो बंद था. कोई घुस के सोया होगा."

ते शब्द कुंदनने ऐकले नव्हते. वाचले होते. ओठ कसे हलले तेही त्याच्या लक्षात होतं. 'घुस के' म्हणताना खालचा ओठ जरा वाकडा झाला होता.

परत फिरावं, असं त्याला वाटलं. पण पाय लोकांबरोबर चालत राहिले.

३

घर ओळखू आलं नाही, इतकं ते सुंदर झालं होतं. ओट्याला नवा दगड, खांबांवर कोरलेले पोपट तेल लावून चकचकीत, खिडक्यांना हिरवा रंग. फक्त दार तेच होतं. जाड सागवानी फळ्यांचं, दोन झडपांचं. बाहेरच्या कडीला तेच मुठीएवढं पितळी कुलूप उघडं लटकत होतं. घासून सोन्यासारखं केलेलं.

"वा! अँटिक!" कुणीतरी म्हणालं आणि फोटो काढला. मग सगळ्यांनीच काढले. एका बाईंनी कुलूप तळहातावर घेऊन स्वतःचाही फोटो काढवून घेतला.

"आवो आवो! घर तमारुं ज छे!" किरीटभाई दारात उभा होता. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर तो आपुलकीने दोनदा थोपटत होता. कुंदनच्या खांद्यावर थाप पडली तेव्हा कुंदनचे दोन्ही हात सवयीने वर आले आणि तो डावीकडे सरकला. मागच्या बाईंच्या पायावर पाय पडला.

किरीटभाईने त्याला ओळखलं नाही. त्याच्या हसण्यात कसलीही अडचण नव्हती.

चपला बाहेर काढून सगळे चौकात आले. वर उघडं आकाश, मधे जुन्या पाण्याच्या टाक्याचं गोल दगडी तोंड. टेबलावर लिंबू सरबताचे ग्लास मांडलेले. किरीटभाईने वरच्या काळ्याभोर तुळईकडे बोट दाखवलं.

"ये कलर देखिए. आजकल मिलेगा? दो सौ साल का कलर है."

"वयाने लाकडावर अशी झाक येते," शर्वरी म्हणाली.

सुधाकरकाकांनी खालच्या खांबावर बोट फिरवून बघितलं. बोट काळं झालं. "अहो, हे तर लागतंय."

"तेल छे, काका, तेल!"

कुंदनने श्वास ओढला. तेलाचा वास होता, चुन्याचा होता, आणि त्यांच्या खाली, खूप खाली, अजून एक होता. ललितला तापीकाठी नेताना चादरीतून येत होता तो. हा माणूस त्या जळक्या लाकडाला पॉलिश करून लोकांना दाखवत होता. लोक मान वर करून वाहवा करत होते.

तेवढ्यात शर्वरीचं लक्ष टेबलाकडे गेलं. "ग्लास हलतायत."

खरंच हलत होते. सरबताच्या पृष्ठभागावर बारीक वर्तुळं उमटत होती, ग्लास एकमेकांना टेकत होते.

"मेट्रो," काका म्हणाले. "सगळं शहर खणून ठेवलंय मेल्यांनी."

"मेट्रो तो आगे निकल गई," किरीटभाई म्हणाला. त्याच्या कपाळावर क्षणभर आठी पडली. "कोई ट्रक होगा. कभी कभी होता है."

गल्ली एवढी अरुंद होती की तिच्यातून रिक्षासुद्धा जेमतेम गेली असती.

कुंदन अनवाणी उभा होता. फरशीतून त्याच्या तळपायांत एक थरथर चढत होती. धड, धड, धड, धड. मग एक दुहेरी ठोका. पुन्हा धड, धड.

४

त्याने स्वतःला समजावलं. रात्रभर मशीनवर उभं राहिलं की मशीन घरी येतंच. झोपेतसुद्धा कानात चालू असतं. लूमच्या कुठल्याही माणसाला विचारा. आणि आज तर रागाने डोकं फिरलंय.

पण कानातला आवाज कानात असतो. हा पायात होता.

त्याने तुळईखालच्या खांबाला हात लावून पाहिला. खांब गप्प. टाक्याच्या दगडावर तळवा टेकवला. गार, गप्प. मग तो हळूच मागच्या खोलीच्या बाजूला दोन पावलं सरकला. थरथर वाढली. परत मागे आला, कमी झाली. मग तो हलायचाच थांबला, कारण आपण काय मोजतोय ते त्याला कळलं.

किरीटभाई घराचा इतिहास सांगत होता. पणजोबा मोठे व्यापारी, त्यांची जहाजं, मग आजोबा, मग वडील. "बीच में थोडे साल घर बंद रहा. फिर मैंने सोचा, अपना वारसा है, संभालना चाहिए."

"बंद नव्हतं."

सगळे वळले. कुंदनलाही कळायला वेळ लागला की हे आपण बोललो. लूमच्या माणसाला आवाजाचं माप राहत नाही. तो ओरडला होता.

"इथे लूम होते," तो म्हणाला. आता थांबणं जमेना. "मागच्या खोलीत. ह्या तुळया जळल्यात. कारीगर आत होता आणि हे कुलूप, ज्याचे फोटो काढले ना तुम्ही सगळ्यांनी, हे बाहेरून लावलेलं होतं. ललित नाव होतं त्याचं. ललित!"

ग्लासांचा किणकिणाट कुंदन सोडून सगळ्यांना ऐकू येत असावा, कारण दोघा-तिघांनी तिकडे पाहिलं.

किरीटभाई हसत राहिला. "तमारी कंईक भूल थाय छे, भाई. कोई भाडूत था थोडा टाइम. बाकी ऐसा कुछ नहीं हुआ. हुआ होता तो मुझे पता नहीं होता?" खालचा ओठ जरा वाकडा झाला.

शर्वरीचा चेहरा उतरला होता. "कुंदन, मला हे खरंच माहीत नव्हतं," ती हळू म्हणाली, पण त्याला दिसेल असं. "आपण बाहेर गेल्यावर बोलू या का? प्लीज?"

काकांनी त्याचा दंड धरला. "पोरा, थोडं पाणी पी. इथे तमाशा नको."

तमाशा! माणूस जळला तेव्हा झाला नाही, त्याचं नाव घेतलं तेव्हा झाला.

किरीटभाईने टाळी वाजवून सगळ्यांना वरच्या मजल्यावरची झरोक्याची खोली दाखवायला बोलावलं. लोक सुटल्यासारखे जिन्याकडे निघाले. काकांनी दोनदा वळून पाहिलं, मग तेही गेले.

कुंदन चौकात एकटा राहिला. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

५

खोलीत गाद्या, लोड, भिंतीवर आरसे. एका कोनाड्यात शोभेसाठी लाकडी चरखा, आणि काचेच्या पेटीत, मखमलीवर, एक जुना धोटा. लूमचाच. तेवढा मात्र त्याने ठेवला होता.

वरच्या झरोक्यातून सकाळचं ऊन येत होतं, पण ते भिंतीवरच राहत होतं. खाली उतरत नव्हतं. तळपायांतली थरथर आता पोटऱ्यांत आली होती, मग छातीत. कुंदनने तोंड उघडून "कोण आहे?" असं विचारलं. स्वतःचा आवाज त्याला आला नाही. कानांवर तो ओळखीचा जाड दाब बसला होता. खात्यात शिरताना बसतो तसा.

कोपऱ्यात, नव्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून, कोणीतरी उभं होतं.

पॉलिशवाला असेल, असं कुंदनला वाटलं. खरंच वाटलं. बनियन, गळ्यात फडकं, कमरेत किंचित पुढे वाकलेला. डावा हात पसरलेला, उजवा हलतोय. केसांत पांढरी रुई. किती दमलाय हा, एवढंच त्याच्या मनात आलं. असा माणूस पाठमोरा दिसला की काय करायचं हे मनाला विचारावं लागत नाही. हात आपोआप जातो.

त्याने त्या खांद्यावर दोनदा थाप मारली.

खांदा गरम होता, घामाने भिजलेला.

माणसाने हात काढून घेतले. एक लांब श्वास सोडला, इतका लांब की पाठ बोटभर खाली बसली. मग तो डावीकडे सरकला आणि मागे न बघता दाराकडे निघाला. रातपाळीचा माणूस जोडीदाराकडे कधी बघत नाही. त्याचे डोळे झोपेने मिटायला आलेले असतात. जाताना त्याचा एक कान दिसला, आणि मानेवरचा केसांचा तो भोवरा. आई तेल लावून लावून दाबायची आणि तो पुन्हा उभा राहायचा.

"ललित," कुंदन म्हणाला. कुणालाच ऐकू आलं नाही.

त्याने त्याच्या मागे धावायला पाय उचलू पाहिला, तर पाय उचलला गेला नाही.

कोणी धरलं नव्हतं. दार उघडं होतं, पलीकडे चौकातलं ऊन दिसत होतं. पण त्याचे हात पुढे गेले होते आणि त्यांच्याखाली, रिकाम्या हवेत, गार लोखंड थरथरत होतं. मशीन चालू होतं. आणि चालतं मशीन सोडून जात नाहीत.

६

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. वरच्या मजल्यावर पावलांमुळे धूळ पडत होती, ती दिसत होती. तो ओरडत होता. ओरडताना गळ्याच्या शिरा ताणल्याचं त्याला जाणवत होतं, बाकी काही नाही. त्याला आई दिसली. उद्या सकाळी तीच मोरी, त्याच दोन बादल्या, आणि दार उघडं. आता कुंदनसाठी.

दारात सावली पडली. किरीटभाई एकटाच खाली आला होता. चेहऱ्यावर हसू तेच, पण डोळे आवळलेले. लोकांसमोर काही बोलता आलं नाही, ते आता बोलायला आला असावा. कुंदनने मान वळवून त्याचे ओठ पाहिले.

"देख भाई. पुरानी बात है. मेरा धंधा है यहाँ, तू समझ. चल, बाहर चल, चाय पीते हैं."

बोलता बोलता तो मागे आला आणि त्याचा हात वर उठला. आल्यागेल्या सगळ्यांसाठी उठायचा तसाच, मायेने.

कुंदनला कळलं. हात खांद्यापर्यंत यायच्या आधीच कळलं. 'हात लावू नका,' एवढे तीन शब्द होते. एवढ्या जवळून या माणसाला ते नक्की ऐकू आले असते, त्याच्या कानात मशीन नव्हतं. कुंदनचं तोंड उघडलंही.

कौन ललित?

त्याने तोंड मिटलं.

थाप पडली. एक. दोन.

कुंदनचे हात सुटले. खांदे खाली आले आणि तो डावीकडे सरकला. मागे न बघता जायचं असतं. तो दारापर्यंत तसाच गेला. तिथे मात्र वळला.

किरीटभाई कोपऱ्यात उभा होता, कमरेत किंचित वाकून. डावा हात पसरलेला, उजवा हलत होता. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते तसंच राहून गेलं होतं आणि वर डोळे मोठे होत होते. त्याने मान वळवली. ओठ हलले.

"खोलो."

दार सताड उघडं होतं. चौकातलं ऊन त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं होतं.

"खोलो," ओठ पुन्हा म्हणाले. "दरवाजा खोलो."

परत जाऊन दोन थापा मारायच्या, एवढंच होतं. कुंदन उंबऱ्यावर उभा राहिला. राग गेला असेल असं त्याला वाटलं होतं. तो गेला नव्हता. उलट आता त्याला बसायला नीट जागा मिळाली होती.

तो बाहेर आला. मागच्या खोलीची झडप त्याने भिंतीपर्यंत लोटून ठेवली, वाऱ्याने मिटू नये म्हणून. मग मोठ्या दाराच्या कडीतून ते पितळी कुलूप काढलं आणि चौकातल्या टाक्यात सोडून दिलं. आपण काही कुणाला कोंडलेलं नाही.

लोक जिना उतरत होते.

"किरीटभाई कुठे गेले?" शर्वरीने विचारलं.

"आत आहेत. कामात आहेत."

"रविवारी?" काका म्हणाले. "धन्य आहे. मालक लोकांना कसला रविवार म्हणा."

"आज पाळी आहे त्यांची," कुंदन म्हणाला आणि चपला घालायला वाकला. काकांना त्यात काही गंमत वाटली असावी. ते हसले आणि जाता जाता त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

७

दिंडोलीला पोचेपर्यंत दुपार झाली. खोलीचं दार बंद होतं. ढकललं तर आतून कडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्याने बराच वेळ ठोठावलं, तेव्हा उषाबाई डोळे चोळत आली. दिवसा ती कधी झोपत नसे.

मोरी ओली होती. कुंदनची बादली भरलेली, झाकलेली. दुसरी आडवी पडलेली, रिकामी. फरशीवरच्या पाण्यात पांढऱ्या रुईचे तंतू तरंगत होते आणि त्यांना कडेने काळं काळं काही लागलेलं होतं. दोरीवर ललितचा जुना टॉवेल. त्यातून थेंब पडत होते.

तिनेच सांडलं असेल. तिनेच टॉवेल भिजवला असेल. कुंदनने हे मनात म्हणून पाहिलं.

"आई, ही बादली कोणी..."

तिने टॉवेल काढला, पिळला, पुन्हा वाळत घातला. मग त्याच्याकडे वळून, तोंड नीट दिसेल असं उभं राहून, विचारलं.

"जोडीदार कोन ऊना त्याना?"

कुंदन म्हणाला, "मालक."

उषाबाईने हळूच मान हलवली, भाजीचा भाव पटल्यासारखी. "मंग बरं. दार लायी ले आते."

तो कडीला हात घालणार, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. शर्वरीचा मेसेज होता.

'स्पीकर विसरला म्हणून मी आणि काका परत आलोय. घर उघडंच आहे. किरीटभाई मागच्या खोलीत पाठमोरे उभे आहेत. किती हाका मारल्या, वळतच नाहीत. तब्येत बरी नाही वाटतं. काका आत जातायत त्यांच्याजवळ.'

काका. बोलता बोलता हात धरणारे, पाठीवर हात फिरवणारे काका.

'हात लावू देऊ नका,' त्याने लिहिलं. निम्मी अक्षरं चुकली. मेसेज गेला, पण कुणी वाचला नाही. त्याने फोन लावला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. वाजतोय, वाजतोय. "काय व्हयनं रे?" आई विचारत होती. तिचे ओठ दिसत होते, पण त्याला तिकडे बघवेना.

फोन उचलला गेला. स्क्रीनवर सेकंद पळायला लागले.

"शर्वरी! काकांना थांबवा! ऐकताय का? काका!"

पलीकडे कोणीतरी बोलत असेल. ओरडत असेल. त्याने फोन कानाशी गच्च दाबला, मग दुसऱ्या कानाशी. फोनमध्ये ओठ दिसत नाहीत.

तळहातात फक्त थरथर येत होती. धड, धड, धड, धड. मग एक दुहेरी ठोका.